पाचवीच्या आधी

बकुळावयनी कशालाच भ्यायची नाही, असं आमच्या चाळीत कुणीही सांगेल. डोंबल त्यांचं! मी तिची सख्खी जाऊ. वीस-बावीस वर्षं तिच्या भिंतीला भिंत लावून राहिले. दारूडा अंगावर धावून आला तर लाटणं घेऊन उभी राहायची, ते वेगळं. पण ती बाई रोज सकाळी उठली की घाबरायची. ती आपल्या पोटाला घाबरायची.

मी लतिका. लालबागला तिसऱ्या माळ्यावर आमच्या दोन खोल्या शेजारी-शेजारी. एकीत मी आणि माझे मालक जगन. दुसरीत थोरले भावजी जयवंत, बकुळावयनी आणि त्यांची एकुलती एक रसिका. भावजी मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर होते आणि वयनी खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले कामगार दोन्ही वेळ तिच्याकडे पंगतीला बसायचे. कुणी पानात भात टाकला तर ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच माशाची मोठी तुकडी वाढायची. आवाज असा, की खाली रस्त्यावरचा भाजीवाला मान वर करून बघेल.

तिचं माहेर कणकवलीच्या पुढे. त्या घराण्याची गोष्ट सगळ्या वाडीला ठाऊक होती. चाळिशी ओलांडली की त्या घरातलं माणूस पोट फुगून मरतं. आजी तशी गेली, आई तशी गेली. हातपायांच्या काटक्या आणि पोट मात्र नवव्या महिन्यातल्या बाईसारखं. गाववाले म्हणायचे, घराण्याला बाधा आहे. कोंबडे कापले, देवापुढे गाऱ्हाणी घातली, पण बाधा काही हटली नाही. वयनी हे सगळं हसत सांगायची. सांगताना हात मात्र पोटावर असायचा.

तरी तेव्हा ती जवान होती. चाळिशी कुठे दूर गावात राहते असं वाटायचं.

मग संप आला. ब्याऐंशी साल. भोंगे बंद झाले, तसे खानावळीतले अर्धेअधिक लोक गावाला निघून गेले. उरलेल्यांना वयनी डाळ पातळ करकरून वाढत राहिली. त्याच पावसाळ्यात थोरले भावजी पिवळे पडले. डोळे हळदीसारखे, लघवी चहासारखी, अन्नाचा वास आला तरी ओकारी. कावीळ! झालं, बातमी माळ्यावरून माळ्यावर गेली आणि उरलेसुरले जेवणारेही पळाले. नळावर आमची बादली दिसली की बायका आपली बादली उचलून घ्यायच्या. माझ्या मालकांनासुद्धा वाटायचं, आपण चार दिवस दुसरीकडे राहावं. मी म्हटलं, लाज वाटत नाही? भाऊ आहे तुमचा.

वयनी मात्र खंबीर. कुणाकडून काविळीची माळ आणून नवऱ्याच्या गळ्यात घातली, उसाचा रस आणला, तेल-हळद बंद केलं. त्याची ओकारी काढली, त्याच्या ताटातलं उरलेलं खाल्लं. मी ओरडले तर म्हणाली, "माका काय होतला गो? माझ्या अंगात रोग शिराक घाबरता." आणि खरंच तिला काही झालं नाही. भावजी दोन-अडीच महिने लोळले, वाळून कोळ झाले, आणि मग खडखडीत बरे झाले. मिल काही त्यांच्यासाठी परत उघडली नाही, पण डोळे पांढरे झाले. तेव्हापासून चाळीत म्हणायला लागले, बकुळेचं अंग लोखंडाचं आहे. ना कधी ताप, ना खोकला, ना कावीळ. तिलाही ते ऐकायला आवडायचं.

संप संपलाही नाही आणि चाललाही नाही, तसाच विरून गेला. भावजी एका गोदामावर वॉचमन लागले. वयनीने खानावळ बंद करून ऑफिसांचे डबे सुरू केले. आणि मग गुणाजी आला.

गुणाजी तिचा धाकटा भाऊ. मिलमध्ये बदलीवर होता, कुणी रजेवर असलं की तेवढ्यापुरतं काम; संपानंतर मिळेल तिथे हमाली करायचा. एक दिवस जिना चढून वर आला आणि दारातच बसला. शर्टाची खालची बटणं लागत नव्हती. वयनीने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या हातातली परात खाली पडली. चाळीस वर्षांचासुद्धा नव्हता तो! वयनीच्याच खोलीत त्याने जीव सोडला. शेवटी शेवटी रक्ताची उलटी झाली, ती वयनीने ओंजळीत धरली. मी बघितलंय ते. 

तिथून वयनीची भीती घरात राहायला आली. रोज सकाळी ती परकराच्या नाडीची गाठ कुठे येते ते बघायची. जराशी इकडेतिकडे सरकली की दिवसभर गप्प. जास्त जेवली म्हणून पोट दिसतंय की काय, म्हणून दोन-दोन दिवस एकवेळच जेवायची. डॉक्टरकडे चल म्हटलं तर अंगावर यायची. "डॉक्टर काय सांगतलो? माका ठाऊक आसा." डॉक्टरच्या तोंडून ऐकायला नको, म्हणून ती कधी गेलीच नाही. अशी ती भ्यायची, आणि खाली उतरली की भाजीवाल्यावर खेकसायची. लोकांना खेकसणं तेवढं ऐकू यायचं.

रसिका विशीत आली तेव्हा तिचं लग्न झालं. वरळीला बीडीडी चाळीतलं घर, मुलाचं नाव उत्तम, कुरियर कंपनीत कामाला. मुलगा सालस. सासू सुंदराबाई मात्र कडक. थोरल्या सुनेच्या अंगावर पांढरा डाग निघाला, तर तिला माहेरी धाडली ती धाडलीच. हे आम्हाला लग्नानंतर कळलं. वयनी म्हणाली, आपल्या पोरीच्या अंगावर डाग नाही, तीळसुद्धा मोजून आहेत.

वर्षाच्या आत रसिकाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नाव परळच्या हॉस्पिटलात घातलं. तिथे रक्त तपासलं. पुढच्या खेपेला लेडी डॉक्टरने वयनीला आणि मला आत बोलावलं. रसिका बाकावर बाहेर. डॉक्टरीण म्हणाली, मुलीच्या रक्तात काविळीचा विषाणू आहे, बी नावाचा. तुमच्या घरात कुणी लिव्हरच्या आजाराने गेलंय का?

 मीच सगळं सांगितलं. आजी, आई, गुणाजी. डॉक्टरणीने तिथल्या तिथे वयनीचंही रक्त घ्यायला लावलं. चार दिवसांनी परत गेलो, तर तेही तसंच निघालेलं.

"पण हिला कधी कावीळ झालीच नाही!" मी म्हटलं. "हिच्या नवऱ्याला झालेली. तो पिवळा पडलेला, ही ठणठणीत."

"म्हणूनच नवरा सुटला असणार," डॉक्टरीण म्हणाली. "मोठ्या माणसाच्या अंगात हा शिरला, की अंगातली राखण करणारी फौज त्याच्यावर तुटून पडते. त्या मारामारीत माणूस पिवळा पडतो, पण बहुतेक वेळा रोग निघून जातो. तान्ह्या बाळाचं तसं नसतं. जन्माच्या वेळी आईच्या रक्तातून आला, तर बाळाच्या अंगाला अजून आपलं-परकं कळत नाही. ते लढतच नाही. चाळीतला कुत्रा लहानपणापासून बघितलेल्या माणसावर भुंकतो का? तसं. ताप नाही, कावीळ नाही, काही नाही. विषाणू आत घर करून राहतो."

"मग काय बिघडतं?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"पुढे कधीतरी, पंचविशीत, तिशीत, अंगाला जाग येते. पण तोवर विषाणू लिव्हरच्या कणाकणात बसलेला असतो. त्याला मारायला जावं तर आपलंच लिव्हर मारलं जातं. अंग थोडं लढतं, थांबतं, पुन्हा लढतं. बाहेर काही कळत नाही, आत प्रत्येक वेळी एक व्रण पडतो. सगळ्यांचं इतकं वाईट होत नाही. ज्यांचं होतं, त्यांचं लिव्हर दगडासारखं घट्ट होतं, आणि मग पोटात पाणी भरतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? ज्या लोखंडी अंगाची आम्ही इतकी वर्षं वाखाणणी केली, ते मुळात लढतच नव्हतं, आणि लढायला लागलं ते स्वतःशीच.

वयनी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे माझ्या आवशीन माका दिल्यान, आणि मी माझ्या चेडवाक?"

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टरीण म्हणाली. "आता माहीत आहे. बाळाला वाचवता येतं. जन्मल्याबरोबर दोन सुया द्यायच्या, चोवीस तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं. एका सुईत तयार राखण असते, दुसऱ्याच्या रक्तातून काढलेली. ती लगेच कामाला लागते. दुसरी लस, ती बाळाच्या अंगाला लढायला शिकवते. उशीर झाला आणि रोग बसला, तर मग बाळही तुमच्याच वाटेने. जावईबापूंनाही आणा, तपासून लस देऊ." मग तिने हेही सांगितलं, की हा रोग ताटातून, हात लावण्यातून, एकत्र राहण्यातून होत नाही. ते वयनीने ऐकलंच नाही. त्याच दिवसापासून तिने आपली ताट-वाटी वेगळी केली, आणि चाळीतल्या पोरांना मांडीवर घ्यायची बंद झाली.

घरी येऊन आम्ही चौघं बसलो. रसिकाला सांगितलं, ती रडरड रडली. सासरी सांगायचं की नाही? एका पांढऱ्या डागासाठी जिने सून हाकलली, ती हे ऐकून काय करेल? भावजी म्हणाले, बाळंतपण आपल्याकडेच आहे ना. पहिली खेप, पोर माहेरीच येणार. परळला डॉक्टरांना सगळं माहीत आहे. झाल्या झाल्या सुया देतील, कुणाला कळायचंसुद्धा नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्या आज्या-पणज्यांपासूनची. ती मोडेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ओटी भरली की नवव्या महिन्यात आणायची ठरलं. सुंदराबाईने ओटीभरणाचा मुहूर्त काढला. आणि त्याच्या दोन दिवस आधी सकाळी खालच्या वाण्याचा पोऱ्या वर आला, की वरळीहून फोन आहे.

मीच गेले खाली. उत्तम बोलत होता, आनंदाने आवाज फाटलेला. "काकी, मुलगी झाली! पहाटेच कळा सुरू झाल्या, इथल्याच नर्सिंग होममध्ये आणली. दोघी छान आहेत. आई म्हणते घाई करू नका, पाचवी आम्ही इथेच करतो."

रिसीव्हर कसा ठेवला, जिना कसा चढले ते आठवत नाही.  वयनी डबे भरत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "मेली?"

"नाही गं वयनी. मुलगी झाली. वरळीला."

ती तशीच पायात चप्पल सरकवून निघाली. डबे तसेच उघडे राहिले.

टॅक्सीत तिने माझा हात असा धरला, की बांगडी मनगटात रुतली. "लते, माका भीती वाटता गो. सांगितलंय तर चेडवाचो संसार मोडतलो. नाय सांगितलंय तर चाळीस वर्सांनी त्या पोरीचा पोट फुगतला." मी म्हटलं, आपण गुपचूप डॉक्टरला सांगू.  वरळी नाक्यावर टॅक्सी अडकली तेव्हा वाटलं उतरून धावत सुटावं.

नर्सिंग होम पहिल्या मजल्यावरचं, चार खाटांचं. सुंदराबाई दाराशीच खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर बाळ, कपाळाला काजळाचा ठिपका. आत खाटेवर रसिका. आईला बघून तिने तोंडात पदर कोंबला. मी नर्सला विचारलं, बाळाला काही इंजेक्शन दिलंय का? नर्सच्या आधी सुंदराबाईच बोलली.

"काही टोचायचं नाही. मी डॉक्टरांना सांगितलंय. पाचवी होईपर्यंत माझ्या नातीला लोखंड लागायचं नाही. सटवाई पाचव्या रात्री कपाळ लिहिते, त्याच्या आधी पोरीला दुखवायचं नाही. माझ्या लेकीचा मुलगा टोचल्यावर तापाने गेला, डोळ्यांदेखत."  तीही आपल्या जागी घाबरलेलीच होती. पण पाचवी म्हणजे उशीर. पाचव्या दिवसापर्यंत सटवाईला लिहायला काही उरलंच नसतं.

मी डॉक्टरला बाजूला घेऊन कुजबुजत सांगितलं. माणूस चांगला होता, लगेच गंभीर झाला. म्हणाला, दोन्ही सुया द्यायलाच हव्यात, पण माझ्याकडे नाहीत. बाहेरून आणाव्या लागतील. आणि आजीबाई बाळाला सोडत नाहीत. त्यांच्या मांडीवरून उचलून, न सांगता कसं टोचणार? तुम्हीच घरात बोला, आणि लवकर बोला.

मी वयनीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने एकदा रसिकाकडे बघितलं. रसिका मान हलवून नको नको म्हणत होती. मग वयनी सरळ सुंदराबाईसमोर जाऊन उभी राहिली. दोन हात अंतर ठेवून.

"विहीणबाई, त्या पोरीक आत्ताच्या आत्ता सुई टोचायची आसा. माझ्या रक्तात रोग आसा. माझी आवस त्यानंच मेली, भाऊस त्यानंच मेलो, आता माझो नंबर. माझ्याकडसून तो रसिकाक गेलो. तिका बापडीक कायएक ठाऊक नव्हता." पुढचं ती शुद्ध बोलली, एकेक शब्द वेगळा, म्हणजे कुणाला ऐकू आलं नाही असं नको. "आज सुई दिली नाही, तर तो तुमच्या नातीच्या रक्तात जाईल. मग तिचं अंग त्याच्याशी लढणारच नाही. जन्मभर."

सुंदराबाईने बाळाला छातीशी आवळलं आणि खुर्ची मागे सरकवली. बाळ रडायला लागलं. उत्तमचा चेहरा पांढराफटक. "फसवलंत," सुंदराबाई म्हणाली. "आम्हाला फसवलंत!"

"हो," वयनी म्हणाली. "मी फसवलं. राग काढायचा तो माझ्यावर काढा. लेकीला नांदवा. मी तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. या पोरीला कधी हात लावणार नाही. बारशाला येणार नाही. शपथ घेते. मला टाका, पण तिला टाकू नका, आणि हिला सुई टोचा."

  मग डॉक्टर पुढे आला आणि त्याने सुंदराबाईला समजावलं, की सुनेचा यात काही दोष नाही, आणि तुमचा नातू गेला तो ताप वेगळा. ती डॉक्टरकडे बघतच नव्हती, वयनीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "टोचा. पण या बाई बोलल्या तसं वागू देत."

डॉक्टरने नावं सांगितली आणि बजावलं, थंड राहिलं पाहिजे, उन्हात गरम झालं तर फुकट. मी नर्सकडचा थर्मास घेतला. खाली कोपऱ्यावर मासे विकणारी कोळीण होती, तिच्याकडे बर्फ मागितला. म्हणाली, "बाळासाठी? भर गो बाय," आणि पापलेटाखालचा बर्फ काढून धुऊन तिनेच भरला. परळला हॉस्पिटलांच्या समोर केमिस्टांची रांगच आहे. पहिल्याकडे लस मिळाली, दुसरी सुई नाही. दुसऱ्याकडे नाही. तिसरा म्हणाला संध्याकाळी येईल. मी त्याच्यावर अशी ओरडले, की गिऱ्हाईकं बाजूला झाली. त्याने घाबरून दोन फोन लावले आणि गल्लीतल्या एका दुकानात असल्याचं सांगितलं. परत येताना टॅक्सीत मी थर्मास पोटाशी धरून बसले होते.  बर्फ वितळला तर? मला उशीर झाला तर?

दुपारी बाळाच्या दोन्ही मांड्यांत दोन सुया दिल्या. पोर असं काही किंचाळली, की सुंदराबाईने कान झाकले. वयनी बाहेर जिन्यात उभी होती. किंचाळी ऐकून म्हणाली, "लढता गो ती," आणि तोंडावर पदर घेऊन रडली. नातीचं तोंड तिने बघितलं ते सुंदराबाईच्या मांडीवर, दोन हातांवरून, तेवढंच.

सुंदराबाईने शब्द पाळला. रसिकाला नांदवलं. उत्तमचं रक्त तपासलं, स्वच्छ होतं, त्यालाही लस दिली. बाळाच्या पुढच्या सुया सासूने स्वतः नेऊन दिल्या. वयनीनेही शब्द पाळला, मेलीने जरा जास्तच पाळला. पोरीचं नाव जाई ठेवलं, ते तिने माझ्याकडून ऐकलं. रसिका माहेरी यायची ती एकटी. मी म्हणायची, अगं हात लावल्याने काही होत नाही, डॉक्टरीण काय बोलली? तर म्हणायची, "शपथ घेतलंय." पण नुसती शपथ नव्हती ती. तिला स्वतःच्या हातांची भीती बसली होती. विळीवर बोट कापलं तर जमीन फिनेलने तीन-तीनदा पुसायची.

परळच्या डॉक्टरणीने गोळ्या सुरू केल्या, पण सोनोग्राफी बघून मला बाजूला म्हणाली, दहा वर्षं आधी आल्या असत्या तर! नाडीची गाठ आता रोजच सरकत होती. आधी पाय सुजले, मग पोट. बेचाळीस, त्रेचाळीस. दर पंधरा दिवसांनी सुईने पाणी काढायचे, आठवड्यात परत भरायचं. भावजी उशाशी बसून राहायचे. ज्याला चाळीने मरणार म्हणून सोडलं होतं, तो पिवळा माणूस आता तिला चमच्याने पेज भरवत होता.

जाई सव्वा वर्षाची झाली तेव्हा तिचं रक्त तपासलं. रसिका जिना चढून धावत वर आली, धाप लागलेली. रोग नाही. आणि नुसता नाही असं नाही, तिच्या रक्तात तिची स्वतःची राखण तयार झालीये, भरपूर. डॉक्टर म्हणाले, तुमच्या सगळ्या घराण्यात हिला या रोगाचं काडीचंही भय नाही. वयनीने डोळे मिटून हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही.

आणि माझं डोकंच फिरलं. तशी उठले, बस पकडली आणि वरळी गाठली. सुंदराबाई दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "विहीणबाई, ती बाई मरायला टेकलीये. तुमच्या नातीला तिची भीती नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. सगळ्या मुंबईत तिला हात लावायला हिच्याइतकं निर्धास्त माणूस नाही, आणि तीच तेवढी लांब! कसली माणसं तुम्ही?"

मला वाटलं भांडेल. तिने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "मला परवाच कळलंय सगळं. पण मी तिथे कुठल्या तोंडाने येऊ?" मी म्हटलं, "आहे त्याच तोंडाने या. दुसरं कुठून आणणार?"

ती आली, त्याच दुपारी. जाईला स्वतःच्या कडेवर घेऊन तीन माळे चढली. वयनी खाटेवर उशांना टेकून बसली होती, डोळे पिवळेधम्मक. आयुष्यात पहिल्यांदा पिवळे. पोरीला दारात बघितलं आणि तिने दोन्ही हात चादरीखाली लपवले. "नको! नको! लांब धरा तिका. अगो, लांब धरा!" एवढं पोट घेऊन ती भिंतीकडे सरकायला बघत होती. तिला इतकी घाबरलेली मी कधी बघितली नव्हती, गुणाजी गेला तेव्हासुद्धा नाही.

 सुंदराबाई पुढे झाली आणि तिने जाईला खाटेवर सोडलं.

पोरीला काय, नवीन माणूस. रांगत रांगत त्या मोठ्या पोटाशी गेली, त्याला धरून उभी राहिली. हातात चोखून चोखून ओला झालेला बिस्किटाचा तुकडा होता. तो तिने वयनीच्या तोंडाला लावला. वयनीने ओठ गच्च मिटले, मान फिरवली. दीड वर्ष जिने आपल्या पेल्याला कुणाला हात लावू दिला नव्हता, ती कसलं तोंड उघडते! जाईने परत लावला. मग चिडली आणि तिच्या गालावर थापट मारून ओरडली.

"खा गे बकुळा," सुंदराबाई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "पोर भरवतेय ना, खा. काही होत नाही तिला."

वयनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने तोंड उघडलं आणि तो तुकडा खाल्ला. मग चादरीखालून एक हात हळूहळू बाहेर आला आणि पोरीच्या पाठीवर टेकला, टेकला न टेकलासा, आणि तो शेवटपर्यंत थरथरतच होता.